शिणवटा, २८ मिलिमीटर

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला ‘शिणवटा’. सोबत सुचवणुकीही होत्या: रात्रपाळीच्या परिचारिका, ऊसतोडणीच्या टोळ्या, कर्जत-कसाऱ्याहून रोज मुंबई गाठणारी माणसं. विषय सगळे रास्त, पण त्यांवर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी उलट कळवलं, की कामानिमित्त इंग्लंडला जातेच आहे, तिथे नॉटिंगहॅममध्ये दमलेल्या क्रुसेडरांच्या, म्हणजे जेरुसलेमच्या धर्मयुद्धांतल्या ख्रिस्ती शिपायांच्या, पुतळ्या घडवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे जाऊन येते. पुतळी केवढी, तर तळपायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर. अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा फार मोठी नाही. माप डोळ्यांपर्यंतच घेतात, कारण त्याच्या वर कुणाच्या डोक्यावर कापडी टोपी असते, कुणाच्या शिरस्त्राण, आणि त्यांच्या उंचीचा भरवसा नसतो. ‘बघा बुवा,’ असं उत्तर आलं. तो मी होकार समजले.

नॉटिंगहॅम आपल्याकडे माहीत असतं ते रॉबिन हूडमुळे. इंग्लंडात त्याची जुनी ओळख यंत्रावर विणलेल्या लेसची. पण गेली चाळीसेक वर्षं इथे आणखी एका धंद्याने मूळ धरलं आहे: टेबलावर खेळायच्या लढायांसाठी छोटे शिपाई घडवायचे, ओतायचे आणि जगभर पाठवायचे. गेम्स वर्कशॉप या कंपनीचं मुख्यालय शहराच्या लेंटन भागात आहे. तिच्याशी जोडलेली सिटाडेल मिनिएचर्स १९७०च्या दशकाच्या अखेरीस जवळच्या न्यूअर्क गावात सुरू झाली. तिथे हात बसलेले शिल्पकार पुढे बाहेर पडले आणि त्यांनी आसपासच आपापली दुकानं थाटली. या टापूला धंद्यातली माणसं गमतीने ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात. इथली सर्वांत नावाजलेली जोडी पेरी बंधूंची. मायकेल आणि ॲलन हे जुळे भाऊ. मायकेल यांचा उजवा हात १९९६ मध्ये फ्रान्समधल्या एका मध्ययुगीन लढाईच्या प्रात्यक्षिकात तोफेच्या अपघातात गेला. त्यांनी डाव्या हाताने पुन्हा काम शिकून घेतलं, आणि त्या हाताने घडवलेल्या पुतळ्या आज जगभर विकल्या जातात.

मी ज्यांच्याकडे गेले ते एवढे नामांकित नव्हेत. साठीला टेकलेले, घरामागच्या लाकडी शेडमध्ये एकटे काम करणारे, दोन-तीन लहान कंपन्यांना मूळ नमुने घडवून देणारे. नाव छापायचं नाही, एवढीच त्यांची अट. गिऱ्हाइकं रविवारीसुद्धा फोन करतात, म्हणाले.

तार वाकते तिथे

टेबलावर बाटलीच्या बुचांची रांग होती आणि प्रत्येक बुचात दोन पायांची बारीक तार खोवलेली. काही तारा उघड्या होत्या, काहींवर हिरवट लगदा चढलेला, एक शिपाई जवळपास पुरा. कंपनीने मागणी नोंदवली होती सहा जणांची: तिसऱ्या क्रुसेडमधलं पायदळ, ११९१च्या उन्हाळ्यात पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याने अक्राहून जाफाकडे चाललेलं. मागणीच्या कागदावर पोशाखाचे तपशील होते, हत्यारं होती, आणि खाली एकच सूचना होती, की सगळे थकलेले दिसले पाहिजेत.

अशी मागणी क्वचित येते. दुकानातली कुठलीही पेटी उघडा, शिपाई धावतच असतात. तलवार डोक्याच्या वर, तोंड उघडं, एक पाय पुढे. गिऱ्हाईक युद्ध विकत घेतं आणि त्याच्या लेखी युद्ध म्हणजे धावून जाणं. खऱ्या सैन्याचा दिवस मात्र चालण्यात, पाणी हुडकण्यात आणि ओझी वाहण्यात जायचा.

शिणवटा चेहऱ्यावर असतो, ही माझी समजूत. इथे चेहरा म्हणजे दोन मिलिमीटर रुंदीचा ऐवज, डोळा म्हणजे सुईने ओढलेली रेघ. टेबलाशी उभा खेळणारा हातभर अंतरावरून बघतो, त्याला दिसते ती फक्त बाह्याकृती. म्हणून जे काही सांगायचं ते तार वाकवतानाच सांगून व्हावं लागतं. त्यांनी एक कोरी तार घेतली आणि पकडीने कंबरेत वाकवली. म्हातारा तयार झाला. ती सरळ करून मानेशी वाकवली, तर प्रार्थनेला उभा राहिलेला माणूस दिसला. तिसऱ्यांदा वाकवली ती पाठीच्या वरच्या भागात, खांद्यांच्या जरा खाली, आणि खांद्यांची तार पुढे ओढली. आता तो दमला होता.

मग पाय. ताजातवाना माणूस दोन्ही पायांवर सारखा उभा असतो. दमलेला सगळा भार एका पायावर टाकतो. त्या बाजूची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो, आणि दुसरा पाय नुसता सोबतीला असतो. चालत असेल तर टाच जेमतेम जमिनीवरून सुटते. भाला खांद्यावर असला तर त्याची मागची बाजू घसरलेली, हातात असला तर तो काठीसारखा टेकलेला. या सहांत एक जण बसलेला आहे, ढालीवर. बसलेल्या माणसाचा शीण दाखवणं सगळ्यांत सोपं असतं असं मला वाटलं, तर त्यांनी मान हलवली. बसलेला माणूस दमलेलाच असेल असं नाही, तो निवांतही असू शकतो. त्याला उठावं लागणार आहे हे दिसलं पाहिजे. म्हणून त्याचा एक हात आधीच जमिनीवर टेकवलेला.

आणखी एक अडचण मला कधी सुचली नसती. टेबलावरच्या पुतळीकडे आपण वरून बघतो, आणि बहुधा मागून, कारण आपलं सैन्य आपल्याकडे पाठ करून उभं असतं. मान खाली घातलेल्या शिपायाचा वरून दिसतो फक्त लोखंडी टोप. सगळा शीण टोपाखाली झाकला जातो. त्यावर त्यांची तोड अशी, की सहांपैकी तिघांनी टोप काढलेला आहे. एकाने तो हातात धरलाय, एकाने पट्ट्याला अडकवलाय, आणि तिसऱ्याने डोक्यावरची कड्यांची टोपरी मागे ढकलून मानेवर सोडली आहे. उघडी पडलेली मान वरून, मागून, कुठूनही दिसते.

समुद्र उजव्या हाताला

हे पायदळ कुठून आलं आणि एवढं का दमलं, हे थोडं सांगायला हवं. क्रुसेडरांनी घातलेला अक्राचा वेढा ११८९ मध्ये सुरू झाला आणि जुलै ११९१ मध्ये शहर पडलं. वेढा घालणारेही सुलतान सलाहुद्दीनच्या फौजेने घेरलेले होते. मधल्या एका हिवाळ्यात छावणीत उपासमार झाली. म्हणजे इंग्लंडचा राजा रिचर्ड ऑगस्टच्या अखेरीस दक्षिणेकडे निघाला तेव्हा त्याच्या सैन्यातले पुष्कळ जण आधीच वाळून गेलेले होते.

वाट किनाऱ्याची. समुद्र उजवीकडे, त्यातून रसद घेऊन चाललेली गलबतं. डावीकडे टेकड्या आणि सलाहुद्दीनचे घोडेस्वार तिरंदाज. मधे रिचर्डचे सरदार घोड्यांवर, आणि घोडे वाचावेत म्हणून त्यांच्या डावीकडे पायदळाची भिंत. या पायदळाचे दोन भाग केले होते. एक भाग टेकड्यांच्या बाजूला बाण झेलत चालायचा, दुसरा समुद्राच्या बाजूने सामानाबरोबर. पहिला थकला की दोघांनी जागा बदलायच्या. विश्रांती म्हणजे बाण न लागता चालणं. हे सारं बहाउद्दीन इब्न शद्दादने टिपून ठेवलं आहे. तो सलाहुद्दीनच्या पदरी होता, त्याचा चरित्रकार होता आणि त्या दिवसांत शत्रूच्या रांगा डोळ्यांनी पाहत होता. अंगात रुतलेले बाण तसेच घेऊन चालणारे शिपाई त्याने पाहिले, काहींच्या अंगावर दहापर्यंत. बाण जाड, शिवलेल्या नमद्याच्या अंगरख्यात अडकायचे, आत पोचायचे नाहीत.

ख्रिस्ती बाजूच्या बखरींत दुसरे तपशील आहेत. हैफाला पोचल्यावर लोकांनी जादा सामान टाकून दिलं. झाडोरा उंच होता आणि चालणाऱ्यांच्या तोंडावर आपटायचा. उन्हाने माणसं कोसळत. बाण लागून मेलेल्या घोड्यांच्या मांसावरून शिपायांची भांडणं होत, तेव्हा राजाने जाहीर केलं की जो आपला मेलेला घोडा शिपायांना देईल त्याला जिवंत घोडा मिळेल. रात्री मुक्कामावर एक जण येशूच्या समाधीच्या नावाने मोठ्याने धावा करी आणि सगळी छावणी तो तीनदा उचलून धरी. विषारी किडे अंधारात चावत, ते पळावेत म्हणून ढाली बडवत. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर, लागले सुमारे तीन आठवडे. वाटेत ७ सप्टेंबरला अर्सुफची लढाई झाली, ती रिचर्ड जिंकला. पाठ्यपुस्तकांत ती एका दिवसाची लढाई असते, हे तीन आठवडे नसतात.

बखरीत आणखी एक ओळ आहे, तिच्याबद्दल मी शिल्पकारांना मुद्दाम विचारलं. अक्रातून निघताना रिचर्डने बायकांना सैन्याबरोबर यायला बंदी केली, अपवाद फक्त धुणं धुणाऱ्या बायकांचा. त्या कपडे धूत, शिपायांची डोकी धूत, पिसवा टिपत. मग या सहांत एखादी धोबीण का नाही? ‘कंपनीने मागितली नाही,’ ते म्हणाले, आणि काही वेळाने, ‘मला मात्र करायला आवडेल. तिच्या पाठीवर ओझं असेल.’ एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यातल्या कागदावर काहीतरी खरडलं. होईल न होईल.

कडीत कडी

हिरवा लगदा म्हणजे ग्रीन स्टफ, दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. आपल्याकडे नळ गळायला लागला की जे एम-सील लावतात त्याच घराण्यातली. एक पट्टी निळी, एक पिवळी, मळली की हिरवी. पिवळा भाग जास्त घेतला तर लगदा मऊ आणि चिवट राहतो, निळा जास्त घेतला तर वाळल्यावर कडक होतो आणि धारदार कडा धरतो. दोन्ही रंग एकाच फितीत शेजारी चिकटून आले असतील तर त्यांची मधली शिवण आधीच घट्ट झालेली असते. ती कापून टाकली नाही तर नेमक्या नाकाच्या जागी खडा लागतो. मळल्यावर तासभर, फार तर दीड तास हाताखाली राहतो. पुरता कडक व्हायला रात्र जाते. घाई असेल तर दिव्याच्या उबेला ठेवतात.

म्हणून एक पुतळी एका बैठकीत होत नाही. आधी तारेवर पातळ गाभा, तो वाळला की पाय, मग धड, मग वस्त्र, सर्वांत शेवटी पट्टे, पिशव्या, बोटं. सहाही शिपाई एकदम पुढे सरकतात: आज सगळ्यांचे पाय, उद्या सगळ्यांचे अंगरखे. हत्यारं म्हणाल तर दंतवैद्याची जुनी अवजारं, रबरी टोकाचे ब्रश, लाकडात बसवलेल्या सुया. हत्यार लगद्याला चिकटू नये म्हणून वाटीत पाणी.

चिलखताचं काम मला जवळून बघायचं होतं. कड्यांच्या खऱ्या चिलखतात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून गेलेली असते. अंगरख्याएवढं चिलखत दहा-बारा किलोंचं भरतं आणि ते सगळं वजन खांद्यांवरून लोंबतं. कंबरेला पट्टा आवळला की थोडा भार कुल्ल्यांवर उतरतो. सेंटिमीटरभर व्यासाची कडी या मापात आणायची तर ती मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून बारीक होईल, म्हणजे दिसणारच नाही. त्यामुळे इथली कडी खऱ्या प्रमाणाच्या तीन-चार पट मोठी असते, आणि ते खोटं कुणाला खटकत नाही.

त्यांनी इंजेक्शनची सुई कापून तिचं टोक अर्धं घासलं होतं, तेव्हा तिचा ठसा नालेच्या आकाराचा उमटे. अर्ध्या मिलिमीटरचा थर छातीवर पसरून ते डावीकडून उजवीकडे नाला उमटवत गेले, सगळ्यांची तोंडं एकीकडे. पुढची ओळ उलट्या तोंडाची, तिसरी पुन्हा सुलटी. पाचव्या-सहाव्या ओळीला कातडीवर शहारा यावा तसं काहीतरी पृष्ठभागावर झालं आणि तो लगदा लोखंड दिसू लागला. हात थांबत नव्हता. बोलणं मात्र थांबलं होतं, कारण श्वास सोडतानाच ठसा द्यायचा असतो.

थकव्याचा संबंध इथेही येतो. ताठ उभ्या माणसाचं चिलखत सरळ लोंबतं. वाकलेल्याचं पट्ट्याच्या वर फुगा धरतं, काखेत झोळ पडतो, कोपराच्या आतल्या बाजूला कड्या एकमेकींवर चढतात. त्या घडीत ओळी मोडाव्या लागतात आणि त्या कुठे मोडायच्या हे सवयीशिवाय कळत नाही. सहांपैकी कड्यांचं चिलखत मात्र दोघांच्याच अंगावर आहे. बाकीचे साधे शिपाई, त्यांना जाड शिवलेले अंगरखे. या अंगरख्यांवर सुईने उभ्या चरा ओढल्या आहेत आणि दोघांच्या पाठीवर टोचून ठेवलेली बारीक भोकं. त्यांत बाण घालायचे. बाण ओतता येत नाहीत इतके बारीक. विकत घेणारा नायलॉनच्या ब्रशचे केस कापून आपल्या हाताने चिकटवतो. बहाउद्दीनने पाहिलेला शिपाई असा, शेवटचा हात गिऱ्हाइकाचा लागून, पुरा होतो.

नमुना कुणाचा घ्यायचा

या धंद्यातलं सगळ्यांत वापरलं जाणारं चित्रांचं पुस्तक न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. १२४०च्या दशकात बहुधा पॅरिसमध्ये रंगवलेलं हे बायबल. कथा जुन्या करारातल्या, पण डेव्हिड आणि सॉलच्या फौजांना तेराव्या शतकातल्या फ्रेंच शिपायांचा पोशाख. काय नाही त्यात: रुंद कडांचे लोखंडी टोप, फाटलेले अंगरखे, चिलखत डोक्यावरून ओढून काढणारा माणूस, घोड्यावर लादलेलं सामान. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोलंडच्या एका कार्डिनलने ते इराणच्या शाह अब्बासला भेट पाठवलं आणि तिथे त्याच्या समासांत फारसी टिपा लिहिल्या गेल्या. क्रुसेडच्या काळच्या सरंजामाचा सर्वांत तपशीलवार चित्रग्रंथ काही काळ इस्फहानच्या दरबारात वाचला जात होता, याची मला गंमत वाटते.

पण हे पुस्तक अर्सुफनंतर पन्नास वर्षांनी रंगवलेलं आहे आणि पन्नास वर्षांत टोप बदलतात. ११९१चा शिपाई करताना त्यातलं सगळं उचललं तर जाणकार गिऱ्हाईक पत्र लिहितं. म्हणून माझे शिल्पकार बाराव्या शतकातल्या विंचेस्टर बायबलची चित्रंही भिंतीवर लावतात. रंगाचंही तसंच. क्रुसेडर म्हटलं की पांढऱ्या झग्यावर लाल क्रूस डोळ्यांपुढे येतो. तो टेम्पलर पंथाच्या सरदारांचा. ११८८ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांनी ठरवलं होतं, की फ्रेंचांनी लाल क्रूस लावायचा, इंग्रजांनी पांढरा आणि फ्लँडर्सच्या लोकांनी हिरवा. हे पेटीवर छापलं तरी विकत घेणारे रंगवतात लालच.

परतीच्या वाटेवर मी लंडनला टेम्पल चर्चमध्ये गेले. हे गोल चर्च ११८५ मध्ये जेरुसलेमच्या पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या मुख्य धर्माचार्याने, पवित्र केलं. फरशीवर सरदारांच्या दगडी प्रतिमा आडव्या पडलेल्या आहेत. मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात पेटलेलं छत त्यांच्यावर कोसळलं, त्याच्या भेगा अजून दिसतात. मला बघायच्या होत्या चिलखताच्या ओळी. त्या तशाच आहेत, एक सुलटी एक उलटी; शेडमधली युक्ती आठशे वर्षांची जुनी निघाली. मात्र या सरदारांच्या झग्याच्या चुण्या पायांकडे पडतात. माणूस आडवा आहे आणि कापड उभ्या माणसाचं आहे. शिल्पकाराला सरदार दमलेला किंवा मेलेला दाखवायचाच नव्हता, त्याला पडल्या जागी उभा असलेला सरदार हवा होता. पैसे देणाऱ्या घराण्यालाही तोच हवा असणार.

जुनेपणाचा प्रत्येक दावा मात्र असा टिकत नाही. नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या खडकाला टेकून ‘ट्रिप टू जेरुसलेम’ नावाचा खाणावळवजा दारूचा गुत्ता आहे. भिंतीवर ११८९ सालाचा दावा रंगवलेला आहे. क्रुसेडला निघालेले लोक इथे थांबत म्हणे. त्या सालाला कागदाचा आधार नाही आणि आजची इमारत पुष्कळ अलीकडची आहे. आतल्या खडकात कोरलेल्या खोल्या मात्र छान गार आहेत.

रबर, कथील आणि चाक

पुरी झालेली हिरवी पुतळी विकायची नसते, ती साच्याची आई. कच्च्या रबराच्या दोन जाड चकत्यांमध्ये ती आडवी दाबतात आणि दीडशे अंशांच्या आसपास तापवलेल्या प्रेसमध्ये ठेवतात. रबर मऊ होऊन तिच्याभोवती बसतं आणि पिकून कडक होतं. या प्रकारात मूळ पुतळी पुष्कळदा मोडते. महिनाभराचं काम एका दाबात जातं, पण तोवर साचा मिळालेला असतो. त्यातून काढलेल्या धातूच्या प्रतींपासून मग उत्पादनाचे साचे बनतात. दर पिढीला पुतळी किंचित आक्रसते, म्हणून मूळ जरा थोराड घडवायची.

ओतकाम शहराबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात चालतं. साच्याची चकती फिरत्या चाकावर बसवतात, मधल्या भोकात वितळलेला धातू ओततात. मुख्यतः कथील, काही ठिकाणी अजून शिसंही. चाक मिनिटाला काही शे फेरे घेतं आणि धातू बाहेरच्या दिशेने फेकला जाऊन बोटांच्या टोकांपर्यंत पोचतो. हवा निघून जाण्यासाठी साच्यात बारीक वाटा कोरलेल्या असतात. भाल्याच्या टोकाशी वाट नसेल तर टोकाऐवजी पोकळी येते. मिनिटाभरात साचा उघडतो आणि शिपाई नळ्यांना लटकलेले बाहेर येतात.

रबर वाकतं, पण मर्यादेत. अंगापासून सुटलेला हात, पायांमधली खोल फट, हनुवटीखालची पोकळी यांत ते अडकतं आणि दर वेळी थोडं फाटतं. पेणला गणपतीचे साचे काढणाऱ्यांना हे सांगायला नको. म्हणून ओतायच्या पुतळीचे हातपाय एकाच पातळीत पसरलेले बरे. धावणारा शिपाई या नियमात सहज बसतो. दमलेला बसत नाही, कारण दमलेला माणूस स्वतःत मिटतो.

सहांतला एक जण ओताऱ्याने परत पाठवला होता. त्याचा ढिला हात अंगापासून तीन मिलिमीटर सुटला होता आणि खाली रबर धरत होतं. शिल्पकाराने खांद्याशी चीर देऊन हात आत वळवला आणि मनगट मांडीला टेकवून मधली फट लगद्याने भरून टाकली. आता तो हात लोंबत नाही, मांडीवर विसावतो. आधीच्यापेक्षा मला तोच जास्त दमलेला वाटला. त्यांनाही वाटला असावा, कारण पुढच्या दोघांचे हात त्यांनी आधीच तसे केले.

धातूत शिपाई ओतायची हौस तशी जुनी. लंडनच्या संग्रहालयात सुमारे १३०० सालचा, कथील-शिशाचा, पोकळ ओतलेला एक घोडेस्वार आहे, मुलांच्या खेळण्यातला. क्रुसेडची शेवटची ठाणी पडली त्याच सुमारास लंडनमधलं कुणी मूल असा सरदार जमिनीवर फिरवत होतं.

ज्यांच्या हातांना रक्त आहे

एक गोष्ट मला पहिल्यापासून टोचत होती. २० ऑगस्ट ११९१ ला, कूच करण्याच्या दोनच दिवस आधी, रिचर्डने अक्राबाहेर सुमारे २,७०० कैदी कापून काढले. खंडणीचा हप्ता लांबला हे कारण. राजा स्वतः हजारोंना मारत नसतो. ते हात याच पायदळाचे. आपण ज्याच्या उघड्या मानेकडे बघून हळहळतो त्याने परवाच कुणाची तरी मान कापलेली आहे.

मी हे बोलून दाखवलं. शिल्पकारांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, की त्यांना हे माहीत आहे, म्हणूनच सहांतल्या एकालाही त्यांनी वर आकाशाकडे बघायला लावलेलं नाही. अशा संचात एक तरी शिपाई आभाळाकडे डोळे लावून उभा असतो. त्याला खपही चांगला. माझं समाधान पूर्ण झालं असं नाही. शीण माणसाला जवळचा करतो आणि जवळ आलेल्या माणसाला आपण प्रश्न कमी विचारतो. धावून येणाऱ्या क्रुसेडरबद्दल कुणाला कणव येत नाही, बसलेल्याबद्दल येते. या अर्थाने दमलेला शिपाई हा धावणाऱ्यापेक्षा जास्त धूर्त प्रचारही होऊ शकतो. पण म्हणून त्याला घडवूच नये असं मला वाटत नाही. रोज सकाळी उठून चालणारी, तहानलेली, उवांनी हैराण झालेली साधी माणसं कत्तल करू शकतात, हे पांढऱ्या झग्यातल्या तेजस्वी सरदाराकडे बघून कळत नाही.

सलाहुद्दीनच्या बाजूचे दमलेले शिपाई कुणी मागितले का, हेही विचारलं. अजून नाही. तेही तीन आठवडे त्याच उन्हात होते.

थकव्याचा भाव

दमलेल्यांना गिऱ्हाईक कमी, हे मी आधी म्हटलंच. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर तरी कुंभारवाड्यातून आणलेला मावळा कधी बसकण मारलेला पाहिला आहे का? तो पहाऱ्याला ताठ नाहीतर तलवार उगारलेला. राजे सिंहासनावर, तोफ बुरुजावर, आणि पन्हाळ्याहून विशाळगडापर्यंत रात्रभर चिखलातून पळालेली माणसं कुठेच नाहीत. मुलांना सांगितलं तर ती करतील कदाचित.

नॉटिंगहॅमच्या धंद्याला सध्या वेगळी चिंता आहे. नवी पिढी संगणकाच्या पडद्यावर घडवते आणि रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवर छापते. साच्यात अडकायची भीती त्यामुळे बरीच कमी होते, चिलखताच्या कड्या एका झटक्यात अंगभर पसरतात. माझ्या शिल्पकाराची त्यावर तक्रार एकच आणि ती मला पटली. संगणकातला माणूस आधी हात पसरून सरळ उभा असतो, मग त्याला वाकवतात. कापड, पट्टे, चेहरा, सगळं ताठ माणसाचं, शीण वरून दिलेला. हे हुशार हाताला टाळता येतं, पण घाईत असलेल्याला टाळता येत नाही, आणि धंद्यात सगळेच घाईत असतात.

दमलेल्यांना खप मिळवून दिला तो एका खेळाने. ‘सागा’ हा मध्ययुगीन लढायांचा खेळ २०११ मध्ये आला. त्यात थकवा मोजतात. एका डावात तुकडीला दुसऱ्यांदा हलवलं किंवा ती हातघाईत उतरली, की तिच्याशेजारी थकव्याची एक खूण ठेवायची. ही खूण तुमच्या तुकडीची, पण ती खर्च करायचा हक्क प्रतिस्पर्ध्याचा: तो ती उचलतो आणि तुमची चाल अर्ध्यावर तोडतो, किंवा ऐन झुंजीत तुमचं चिलखत कमकुवत करतो. खुणा फार साठल्या तर तुकडी लढण्याच्या कामाची राहत नाही. एक डाव विसावा घेतला की एक खूण जाते. बहुतेक जण त्यासाठी पुठ्ठ्याच्या टिकल्या वापरतात, पण हौशी लोकांना तिथे पुतळी हवी असते. ढालीवर बसलेला शिपाई मुख्यतः त्यांच्यासाठी घडवलेला आहे.

शिल्पकार मला संध्याकाळी त्यांच्या क्लबात घेऊन गेले. चर्चच्या सभागृहात भाड्याने घेतलेली टेबलं, कोपऱ्यात चहाची किटली, आणि एका टेबलावर अक्रा ते जाफाचा किनारा रंगवलेला, समुद्र निळ्या कापडाचा. रिचर्डकडून खेळणारे गृहस्थ पेशाने टपाल वाटणारे होते. त्यांनी पायदळ एका डावात दोनदा पुढे रेटलं. समोरच्या शाळकरी मुलीने त्यांच्या शेजारचा बसलेला शिपाई उचलला, पेटीत टाकला आणि तुकडी जागच्या जागी थांबवली. पुढच्या डावात पुन्हा तेच. साडेनऊला सभागृहाची चावी परत द्यायची होती. तोवर रिचर्डचं पायदळ टेबलाच्या मध्यापर्यंतही पोचलं नव्हतं, आणि टपालवाले काका पुढच्या गुरुवारी घोडदळ आणतो म्हणत होते.